विश्लेषण : अमर असूनही एल्फ मूठभरच का?

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले एल्फ म्हातारपणाने मरत नाहीत. मग हजारो वर्षांत त्यांनी सगळी मिडल-अर्थ का व्यापली नाही? जादू ओसरली, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. पाळण्याचा हिशेबही पाहायला हवा.

टॉल्किन यांनी तो मांडून ठेवला होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये ‘मॉर्गॉथ्स रिंग’मध्ये तो छापला गेला. एल्फचे मूल वर्षभर पोटात असते आणि पूर्ण वाढायला सुमारे ५० वर्षे घेते. (वाढदिवस पाळतात तो गर्भधारणेचा!) लग्नानंतरच्या काळात मुले होतात, मग ती ओढच ओसरते. चारहून अधिक अपत्ये विरळाच. फेआनोरचे सात मुलगे हा अपवाद. शिवाय मूल घडवताना आईबापांची जीवनशक्ती खर्ची पडते. फेआनोरला जन्म देऊन त्याची आई मीरिएल इतकी थकली, की तिने देहच सोडला.

ही निव्वळ कल्पना नाही. ग्रीनलँड शार्कही वयात यायला सुमारे दीडशे वर्षे घेतो, त्यामुळे मासेमारीत घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. नंतरच्या अनेक फँटसी लेखकांनी ‘एल्फांना मुले कमी’ एवढेच उचलले, कारण मात्र सोडून दिले. टॉल्किनच्या रणांगणावर एक एल्फ पडला, तर त्याची जागा घेणारा तयार व्हायला अर्धे शतक लागते. ऑर्कांची फौज तोवर कितीदा तरी उभी राहते.