कमी खाऊनही वजन झपाट्याने का वाढतं? कर्जत-खालापूरच्या अंगणवाड्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

खाणं कमी आहे. तरीही चार-आठ दिवसांत वजनकाट्यावरचा आकडा झपाट्याने वर सरकतोय. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. डाएट करणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो आणि 'आपलं काय चुकतंय?' म्हणून ते वैतागतात. पण रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवर, हा प्रश्न नुसत्या वैतागाचा नाही. तिथे कमी खाणं ही निवड नसते. आणि वाढलेल्या आकड्याचा चुकीचा अर्थ लावला, तर लहान मूल किंवा गरोदर बाई धोक्यात येऊ शकते.

काट्यावरचा आकडा नेमकं काय सांगतो आणि काय लपवतो, हे समजून घेऊया.

चरबी इतक्या लवकर वाढते का?

आधी साधा हिशेब करू. शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. म्हणजे तीन दिवसांत दोन किलो चरबी वाढवायची, तर रोजच्या गरजेच्या वर आणखी ५,००० कॅलरी रोज खाव्या लागतील. भरपेट जेवणाऱ्यालाही हे जमणं अवघड आहे. कमी खाणाऱ्याच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही.

म्हणून काही दिवसांत अचानक वाढलेलं वजन बहुतेक वेळा चरबीचं नसतं. ते पाण्याचं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि काट्याला पाणी, चरबी, स्नायू यांतला फरक कळत नाही.

निरोगी माणसातही हे पाणी कमी-जास्त होत असतं. शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणून डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं आणि एक-दोन दिवस भात-पोळी नीट खाल्ली की परत चढतं. मिठाचंही तसंच आहे. सलाइनच्या एक लिटर बाटलीत नऊ ग्रॅम मीठ असतं. शरीरातही जास्तीचं मीठ साधारण त्याच प्रमाणात पाणी अडवतं. जेवण थोडंच, पण सोबत लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी असेल, तर कॅलरी कमी राहूनही वजन वाढू शकतं. पाळीच्या आधीचे दिवस, स्टेरॉइडसारखी औषधं, मधुमेहावरचं पायोग्लिटाझोन यांमुळेही पाणी साठतं.

इथवर ठीक आहे. खरी काळजी पुढे आहे.

उपाशी शरीराला सूज का येते?

दीर्घकाळ पुरेसं खायला मिळालं नाही, तर माणूस फक्त वाळत नाही, कधीकधी सुजतोही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण १,६०० कॅलरींच्या आसपास. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशाने घटलं. पण अनेकांचे घोटे आणि चेहरे सुजले. स्नायू आणि चरबी घटत असताना शरीरात पाणी साठत होतं, म्हणजे काटा जितकं दाखवत होता त्यापेक्षा झीज जास्त होती.

लहान मुलांमध्ये हे जास्त घातक असतं. १९३० च्या दशकात आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी या आजाराचं वर्णन केलं आणि तिथल्या लोकांच्या भाषेतलं 'क्वाशिओरकोर' हे नाव वैद्यकशास्त्रात आणलं. पाठचं भावंड आल्यावर आईच्या दुधापासून तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात याला 'सुजवटी' म्हणतात. मूल वाळून हाडांचा सापळा होतं ती 'सुकटी', आणि पाय-चेहरा सुजतो ती 'सुजवटी'.

सुजवटी फक्त प्रथिनं कमी पडल्याने होते, असं बरीच वर्षं मानलं जायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं, की सुकटी आणि सुजवटी झालेल्या मुलांच्या आहारात फारसा फरक नसतो. २०१३ मध्ये मलावीतल्या ३१७ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाच घरात, एकाच ताटातलं खाणाऱ्या जुळ्यांपैकी एकाला सुजवटी झाली आणि दुसऱ्याला नाही, अशी उदाहरणं होती. आतड्यातल्या जिवाणूंचाही यात वाटा असल्याचं त्या अभ्यासातून पुढे आलं.

कर्जत-खालापूरशी याचा संबंध काय?

मुंबई-पुण्याच्या मधोमध असलेले हे दोन तालुके बाहेरच्यांना माहीत आहेत ते माथेरान, फार्महाऊस आणि एक्सप्रेस वेसाठी. पण इथल्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड हे इतर दोन. अशा समूहांसाठीच केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन ही योजना सुरू केली.

कातकरी कुटुंबांतली बरीच माणसं पावसाळा संपला की वीटभट्ट्या आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. मुलं सोबत असतात. म्हणजे अंगणवाडीच्या नोंदीत काही महिन्यांची पोकळी राहते. मूल परत येतं तेव्हा सेविकेसमोर दोनच आकडे असतात: जातानाचं वजन आणि आताचं वजन. मध्ये काय घडलं, हे काट्याला माहीत नसतं.

मार्च २०२१ पासून देशभरातल्या अंगणवाड्यांमधली वजन-उंचीची नोंद 'पोषण ट्रॅकर' ॲपवर होते. नोंद डिजिटल झाली हे चांगलंच आहे. पण अशा कुठल्याही पद्धतीत एक सवय लागते: आकडा वर गेला की मूल सुधारलं, खाली गेला की बिघडलं. सुजलेल्या मुलाच्या बाबतीत ही सवय धोक्याची आहे.

काटा कसा फसवतो?

समजा, दीड वर्षाचं मूल आहे. या वयात निरोगी मुलाचं वजन महिन्याला साधारण २०० ग्रॅमने वाढतं. आपल्या मुलाचं ६०० ग्रॅमने वाढलं. नोंदवहीत ही आनंदाची बातमी दिसते. उंचीच्या मानाने वजन सुधारल्यामुळे ते 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित, या यादीतून बाहेरही पडू शकतं. पण ते ६०० ग्रॅम पाणी असेल, तर मूल यादीतून बाहेर पडलं तेव्हाच ते सर्वांत जास्त आजारी होतं.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र कुपोषणाच्या तीन वेगवेगळ्या कसोट्या ठेवल्या आहेत. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असणं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणं. किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज. यातली एक जरी आढळली, तरी मूल सॅम. सूज असेल तर वजन कितीही भरो, फरक पडत नाही.

सूज तपासायला यंत्र लागत नाही. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं आणि सोडायचं. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, तर मुलाला पोषण पुनर्वसन केंद्र असलेल्या रुग्णालयात पाठवायचं. भारतात सुजवटीपेक्षा सुकटीची मुलं जास्त आढळतात, हे खरं. पण क्वचित दिसणारी गोष्टच नजरेतून निसटते.

उपचारात वजन उलटं का चालतं?

सुजलेलं मूल रुग्णालयात दाखल झालं, की पहिल्या काही दिवसांत त्याचं वजन घटतं. घरच्यांना वाटतं, इथे आणून मूल आणखी बिघडलं. पुष्कळदा याच टप्प्यावर आई-वडील मुलाला घेऊन घरी जायचं म्हणतात. त्यात मजुरी बुडत असते, घरी दुसरी मुलं असतात. खरं तर ते उतरलेलं वजन म्हणजे निघून गेलेलं पाणी. मूल बरं व्हायला लागल्याची ती खूण असते. हे एक वाक्य आईला दाखल करतानाच सांगितलं, तर तिला थांबायला कारण मिळतं.

या मुलांना लघवी वाढवणारं औषध देऊन सूज उतरवायची नसते, त्याने जीव जाऊ शकतो. सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असलेलं दूध थोडं थोडं देतात आणि नंतर १०० कॅलरींचं. घाईने भरपूर भरवलं तर अशक्त हृदयावर ताण येतो. सुरुवातीच्या त्या दिवसांत वजन एकदम वाढलं आणि सोबत नाडी आणि श्वास वेगाने चालू लागले, तर तो धोक्याचा इशारा असतो. सूज पूर्ण उतरल्यावर जे सर्वांत कमी वजन भरतं, तिथून पुढे खरी वाढ मोजायची.

गरोदर बाईचं वजन वाढलं की चांगलंच ना?

नेहमी नाही. 'दिवस गेलेत, पाय सुजणारच' असं घरोघरी म्हटलं जातं आणि संध्याकाळी पायावर थोडी सूज येणं साधारण असतंही. पण विसाव्या आठवड्यानंतर वजन एकदम वाढलं, चेहरा आणि हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर रक्तदाब लगेच तपासायला हवा. तो १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, तर हा प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका असू शकतो. त्यातून आकडी येऊन आई आणि बाळ दोघंही दगावू शकतात. कमी खाणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईच्या कार्डावर वाढलेलं वजन पाहून समाधान मानण्याआधी रक्तदाब आणि लघवीची तपासणी हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य केंद्रांवर ही तपासणी मोफत होते.

डाएटवर असणाऱ्यांनी डॉक्टरांकडे कधी जावं?

एक-दीड किलोचा चढउतार आठवडाभरात आपोआप उतरला, तर घाबरायचं कारण नाही. आणि तो पाहून खाणं आणखी कमी करू नये. पण तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ, दोन्ही पायांवर खळगा पडणारी सूज, आडवं झाल्यावर दम लागणं, सकाळी डोळ्यांभोवती सूज किंवा लघवीला फेस, यातलं काही असेल तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताची तपासणी करून घ्यावी. वजन हळूहळू वाढतंय आणि थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता आहे, तर थायरॉइड तपासावं.

मग यंत्रणेने काय करावं?

मोठ्या खर्चाचं काही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने कुपोषित मुलांच्या व्यवस्थापनाची नियमावली जाहीर केली आहे. प्रश्न ती वाडीपर्यंत पोहोचण्याचा आहे. वजन घेताना प्रत्येक मुलाची दोन्ही पावलं दाबून पाहणं, अपेक्षेपेक्षा खूप वाढलेल्या वजनाची खाली गेलेल्या वजनाइतकीच चौकशी करणं, आणि भट्टीवरून परतलेल्या मुलांची पहिल्याच आठवड्यात पूर्ण तपासणी करणं, एवढं झालं तरी फरक पडेल. त्यासाठी सेविकेला वेळ द्यावा लागेल. तिचं काम फक्त आकडा भरण्यावरून जोखलं गेलं, तर ती आकडाच भरणार.

आणि ज्या घरात मूल आहे, त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: मूल खात नाहीये, मलूल आहे आणि तरी गुबगुबीत दिसायला लागलंय, तर त्याची पावलं दाबून बघा. खळगा पडला, तर पुढच्या महिन्याच्या वजनाची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.