विश्लेषण : धक्का सोसत नसेल तर लांब पल्ल्याची रायफल कशी निवडावी?

अमेरिकेत हजार यार्डांवरच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवरच्या पोलादी लक्ष्यावर नेम साधणे हा आता फक्त लष्करी निशाणबाजांचा प्रांत राहिलेला नाही. नोकरदार, निवृत्त मंडळी, महिला असे अनेक हौशी नेमबाज या खेळात आहेत. त्यांच्यापैकी बरेच जण तयार रायफल घेण्याऐवजी 'कस्टम' रायफल बांधून घेतात. नळी एकाकडून, अ‍ॅक्शन दुसऱ्याकडून, दस्ता आणि ट्रिगर तिसऱ्याकडून आणायचे आणि जाणत्या गनस्मिथकडून ते जुळवून घ्यायचे. खर्च मोठा असल्याने 'एकदाच घ्यायची तर मोठीच घेऊ' असा विचार होतो आणि तसा सल्ला देणारेही भेटतात. खांद्याची शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती, साठी ओलांडलेले गृहस्थ किंवा बारीक चणीची तरुणी हा सल्ला ऐकते तेव्हा महागडी रायफल चार-सहा महिन्यांत कपाटात जाऊन बसण्याची शक्यता वाढते. धक्का सोसत नाही ही नेमबाजाची उणीव नाही. रायफल निवडताना ती सर्वात आधी विचारात घ्यायची मोजमापाची बाब आहे. ते का, हे समजून घेऊ.

धक्का येतो कुठून?

गोळी पुढे जाते म्हणून रायफल मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेतच शिकवला जातो. त्यात एक गोष्ट मात्र सुटते. नळीतून फक्त गोळी बाहेर पडत नाही, जळालेल्या दारूचा वायूही पडतो आणि त्याचा वेग गोळीपेक्षा कितीतरी जास्त असतो. गोळीचा संवेग आणि वायूचा संवेग यांची बेरीज म्हणजे रायफलचा संवेग. त्याला रायफलच्या वजनाने भागले की ती किती वेगाने मागे येते ते कळते.

संवेग काडतूस ठरवते, पण खांद्याला पोहोचणारी ऊर्जा रायफलच्या वजनावरही अवलंबून असते. काडतूस तेच ठेवून वजन दुप्पट केले तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. पुढच्या सगळ्या निवडीचा पाया एवढाच आहे.

आकडे काय सांगतात?

नेहमीच्या वापरातल्या गोळ्यांची वजने, त्यांचे वेग आणि दारूचे प्रमाण घेऊन ढोबळ हिशेब मांडला तर चित्र असे दिसते. चार किलोच्या रायफलमधून .३०० विंचेस्टर मॅग्नम झाडली की सुमारे ३८ ज्यूल ऊर्जा खांद्याकडे येते. त्या वेळी रायफल ताशी जवळपास १६ किलोमीटर वेगाने मागे येते. त्याच वजनाच्या रायफलमध्ये .३०८ विंचेस्टरला हा आकडा २१ ज्यूलच्या आसपास, ६.५ क्रीडमूरला १६ आणि १०५ ग्रेनची गोळी फेकणाऱ्या ६ मिलिमीटरच्या छोट्या काडतुसाला १० ज्यूलच्या आसपास जातो.

आता रायफल चारऐवजी सहा किलोची धरू. ६.५ क्रीडमूर ११ ज्यूलवर येते आणि ६ मिलिमीटर साडेसहावर. आठ किलोच्या रायफलमध्ये ६ मिलिमीटरचा धक्का पाच ज्यूलच्या घरात येतो. हलक्या रायफलमधल्या मॅग्नमच्या तुलनेत हा जेमतेम आठवा हिस्सा आहे. काडतूस आणि वजन या दोनच निर्णयांनी एवढा फरक पडतो, तोही कोणतीही जोडउपकरणे न लावता.

'थोडासा' धक्का नेमाचे काय बिघडवतो?

गोळी सुटल्यानंतर धक्का बसतो, मग नेम कसा चुकेल, असे वाटू शकते. ६० सेंटिमीटरच्या नळीतून गोळी बाहेर पडायला साधारण एक ते दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात सहा किलोची ६.५ क्रीडमूर रायफल सुमारे एक मिलिमीटर मागे सरकते. माणसाला प्रतिक्रिया द्यायला मात्र दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे बसलेल्या धक्क्याला उत्तर म्हणून नेम हलत नाही, बसणार असलेल्या धक्क्याच्या धास्तीने तो आधीच हलतो. ट्रिगर दाबण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, बोटे आवळतात. नेमबाज याला 'फ्लिंच' म्हणतात.

फ्लिंच ओळखण्याची जुनी युक्ती सोपी आहे. प्रशिक्षक नकळत मधूनच डमी काडतूस भरतो. ट्रिगर दाबल्यावर 'टिक्' एवढाच आवाज येतो आणि तरीही रायफलचे तोंड खाली बुडते. नेमबाजाला आपली सवय तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. एकदा जडलेली ही सवय मोडायला फार वेळ जातो. 'सोसत राहा, सवय होईल' हा सल्ला त्यामुळेच घातक ठरतो. सवय होते, पण अनेकदा ती फ्लिंचची होते.

दुसरे नुकसान शिकण्याचे आहे. धक्का मोठा असेल तर दुर्बिणीतले लक्ष्य डोळ्यांसमोरून नाहीसे होते आणि गोळी कुठे लागली ते दिसत नाही. धक्का लहान असेल तर स्वतःची गोळी स्वतःलाच पडताना दिसते आणि पुढच्या गोळीसाठी वाऱ्याचा अंदाज सुधारता येतो. तिकडच्या प्रिसिजन रायफल स्पर्धांत .३०८ मागे पडून ६.५ आणि मग ६ मिलिमीटरकडे कल गेला, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. ही निवड करणाऱ्यांत धडधाकट स्पर्धकही आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

लहान गोळी हजार यार्डांवर पोहोचते का?

पोहोचते, आणि बऱ्याचदा जास्त चांगली पोहोचते. लांब पल्ल्यावर गोळीच्या वजनापेक्षा ती हवा किती सहज कापते याला महत्त्व असते. हा गुण 'बॅलिस्टिक कोएफिशंट' या आकड्याने मोजतात. १०५ ग्रेनच्या लांबट ६ मिलिमीटर गोळीचा हा आकडा .३०८ च्या १७५ ग्रेनच्या प्रचलित मॅच गोळीच्या बरोबरीचा किंवा किंचित जास्तच असतो आणि तिचा सुरुवातीचा वेगही अधिक असतो. साहजिकच ती वाऱ्याने कमी वाहते आणि कमी खाली येते. हजार यार्डांवर .३०८ चा वेग ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावर आलेला असतो, ६ मिलिमीटरची गोळी त्याच्या बऱ्यापैकी वर असते. हॉर्नेडी कंपनीने २००७ मध्ये आणलेली ६.५ क्रीडमूर या दोहोंपेक्षा वाऱ्यात अधिक टिकते आणि धक्क्यात .३०८ पेक्षा सौम्य आहे.

म्हणून कागदावर आणि पोलादावर नेम धरणाऱ्याने ६ मिलिमीटर घ्यावे, आणि एकाच रायफलकडून थोडे जास्त काम हवे असेल तर ६.५ क्रीडमूर. यात एक व्यवहार लपलेला आहे तो नळीच्या आयुष्याचा. मोठ्या दारूची ६ क्रीडमूर अचूक नळी दीड-दोन हजार गोळ्यांत संपवू शकते, तर ६.५ साधारण अडीच-तीन हजारांपर्यंत जाते. ६ मिलिमीटरमध्येच बीआर घराण्यातली कमी दारूची काडतुसे नळीला आणि खांद्याला, दोघांनाही सोसतात. मात्र त्यांची तयार काडतुसे सगळीकडे मिळत नाहीत, स्वतः भरावी लागतात. ज्याला ते जमणार नाही त्याने दुकानात सहज मिळणारे काडतूसच निवडावे.

मझल ब्रेक लावला की प्रश्न सुटतो?

अर्धा सुटतो आणि नवा निर्माण होतो. मझल ब्रेक नळीच्या तोंडाशी वायूला बाजूला वळवतो. गोळीच्या संवेगावर त्याचा काही परिणाम होत नाही. वरच्या हिशेबात मॅग्नमच्या एकूण संवेगात वायूचा वाटा सुमारे ३८ टक्के आहे, म्हणून ब्रेकचा परिणाम तिथे डोळ्यांत भरतो. 'मॅग्नम घ्या आणि ब्रेक लावा' हा युक्तिवाद त्यातूनच येतो.

पण तोच वायू आता नेमबाजाच्या आणि शेजाऱ्याच्या कानांकडे येतो. १४० डेसिबलचा क्षणिक आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो आणि अशा रायफलींचा आवाज ब्रेकशिवायही त्याच्या वर असतो. कानात प्लग आणि वर मफ असे दुहेरी संरक्षण ब्रेकबरोबर अनिवार्य समजावे. शिवाय धास्ती फक्त खांद्याच्या धक्क्याची नसते. आवाज आणि चेहऱ्यावर येणारा हवेचा तडाखा यांनीही फ्लिंच जडते. म्हणून ब्रेक हा शेवटचा उपाय. आधी काडतूस, मग वजन, मग दस्त्याचे माप आणि त्यानंतरच ब्रेक.

दस्त्याचे माप एवढे महत्त्वाचे का?

तीच ऊर्जा खांद्यावर पूर्ण तळव्याएवढ्या जागेत पसरली तर ढकलल्यासारखी वाटते आणि एका कडेवर आली तर ठोसा बसतो. दस्ता लांब असेल तर बारीक चणीचा माणूस मान ताणून रायफलपर्यंत पोहोचतो आणि दस्त्याचे टोक खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर टेकते. आखूड असेल तर दुर्बीण भुवईला लागते. दुर्बिणीपासून डोळ्याचे अंतर साधारण आठ-नऊ सेंटिमीटर राहिले पाहिजे.

कस्टम रायफल बांधून घेण्याचा खरा फायदा इथे आहे. लांबी, गालाचा आधार आणि खांद्याकडच्या पॅडची उंची बदलता येईल असाच दस्ता घ्यावा. पॅड मऊ आणि जाड असावे. ट्रिगर हलका पण भरवशाचा असावा, कारण जोर लावून दाबावा लागणारा ट्रिगर धास्तीला वेळ देतो. खांद्याची किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच पेसमेकर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पेसमेकर ज्या बाजूला आहे त्या खांद्याला दस्ता लावणे टाळण्यास सांगितले जाते.

मग मोठ्या काडतुसाची बाजू चूकच का?

नाही. मैलभराच्या पलीकडे नेम धरायचा असेल तर मोठ्या आणि जड गोळीला पर्याय नाही. लहान गोळी दूरच्या पोलादावर लागली तर पाटी कमी हलते, पंचांनाही नोंद घ्यायला अवघड जाते. एल्कसारख्या मोठ्या जनावराच्या शिकारीला ऊर्जा लागते. त्यातही बिचकून झाडलेली मॅग्नम जनावराला जखमी करून सोडते आणि ते अधिक वाईट. वजनालाही मर्यादा आहे. आठ किलोची रायफल बाकावर किंवा जमिनीवर झोपून वापरायला उत्तम, पण डोंगर चढायला ती शिक्षा आहे. आपण रायफल कुठे आणि कशी वापरणार, हे प्रामाणिकपणे ठरवले की यातले बरेच वाद आपोआप मिटतात. हजार यार्डांची रेंजही जवळपास नसलेला माणूस मैलभराचे काडतूस घेतो, तेव्हा तो गरज नव्हे तर रुबाब विकत घेत असतो.

पैसे कुठे घालावेत?

पहिला खर्च चांगली नळी आणि मापाचा दस्ता यांवर करावा, दुसरा दुर्बिणीवर. त्यानंतर त्याच ठेवणीची .२२ रिमफायर रायफल घेणे ही मला सर्वात शहाणपणाची गुंतवणूक वाटते. तिचा धक्का मोजण्याइतकाही नसतो, काडतुसे स्वस्त असतात आणि शंभर-दोनशे मीटरवर तिची मंद गोळी वारा वाचायला भरपूर शिकवते. मोठ्या रायफलने एका बैठकीत वीस-तीस गोळ्या झाडून थांबावे, उरलेला सराव .२२ वर करावा. आणि विकत घेण्यापूर्वी तशीच रायफल कुणाकडून तरी निदान पंधरा-वीस गोळ्यांसाठी हातात घेऊन पाहावी. पहिल्या तीन गोळ्या उत्साहात झाडल्या जातात, खांदा खरे बोलू लागतो तो त्यानंतर.

आपल्याकडे याचा काय संबंध?

भारतात अशी रायफल हौसेखातर बांधून घेणे सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. हे निर्बंध असणेच योग्य, असे माझे मत आहे.

यातले तत्त्व मात्र आपल्या रेंजवरही लागू पडते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक. दोघांच्या प्रकारात काडतूस आहे तेच छोटे .२२, आणि पुरुषांच्या रायफलीला आठ किलोपर्यंत वजनाची मुभा आहे. म्हणजे जगातला सर्वात काटेकोर नेम जवळजवळ धक्का नसलेल्या, जड आणि शरीराच्या मापाला बसवलेल्या रायफलीने साधला जातो.

त्यांचे पाहून आज गावोगावची मुले एअर रायफल हातात घेत आहेत. जिथे एकच रायफल पाच-सहा जणांत फिरते, तिथे प्रत्येकाच्या पाळीला दस्त्याची लांबी आणि गालाचा आधार बदलायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे वाचवण्यासाठी बारा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाच्या मापाची रायफल पेलायला लावणारा प्रशिक्षक आणि नवख्याला मॅग्नम गळ्यात मारणारा सल्लागार एकच चूक करत असतात. पालकांनी पहिल्याच आठवड्यात रेंजवर जाऊन एवढे विचारावे, की माझ्या मुलीच्या मापाला ही रायफल कोणी बसवून दिली आहे का?