थबकलेला काटा

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, जठर लहान करून घेण्याची शस्त्रक्रिया हा घरगुती चर्चेचा विषय व्हावा, हा काळाचा विलक्षण फेरा होय. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे उत्साहात जातात. मग एके दिवशी वजनाचा काटा थबकतो. डॉक्टर मंडळी यास 'पठार' म्हणतात. पाहुणेरावळे मात्र म्हणतात की, एवढा पैसा ओतला, पण तोंडावर ताबा नाही!

हा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. आरंभी झपाट्याने उतरणाऱ्या वजनात शरीराने साठविलेली साखर व तिच्यासोबत धरून ठेवलेले पाणी यांचा वाटा मोठा असतो. ते सरले की वेग मंदावणारच. शिवाय उपासमार ओळखण्याची शरीराची रीत फार जुनी आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्या शरीरांनी ऊर्जेचा खर्चच कमी केला होता. पाऊस हुकला की शेतकरी हात आखडतो, तसाच हा प्रकार. शस्त्रक्रियेने भूक मंदावते, पण ही काटकसर पुरती सुटत नाही.

आणि काटा तरी कितीसे खरे बोलतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' मध्ये आपलेच छायाचित्र छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. म्हणूनच काटा अडला की घाबरून जेवण आणखी तोडणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो. त्याने स्नायू झिजतात आणि शरीराचा खर्च अधिकच घटतो. डाळ, अंडी, दूध यांतील प्रथिने आधी, भाकरी नंतर, आणि स्नायूंना काम देणारा व्यायाम, हा मार्ग बरा. गोड चहा आणि बिस्किटे मात्र लहान जठरातूनही बिनबोभाट उतरतात, याकडे लक्ष हवे.

खरा प्रश्न पुढील देखरेखीचा आहे. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत झालेली आणि रुग्ण पाथर्डीत किंवा कर्जतला. प्रत्येक तपासणीला एक रजा आणि एसटीचा दिवसभराचा प्रवास. दोन-तीन खेपांनंतर फेऱ्या थांबल्या तर दोष कोणाला द्यावा? याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर स्त्रियांनाही प्रशिक्षण देऊन गावाचे आरोग्य सांभाळण्यास समर्थ केले. मग वजनाची नोंद, आहाराची चौकशी, लोह व बी-१२ च्या तपासणीची आठवण एवढे काम गावच्या आरोग्यसेविकेवर सोपविण्यास अडचण कोणती? शस्त्रक्रियेच्या खर्चातच पुढील दोन वर्षांच्या देखरेखीचा समावेश करण्याची सक्ती रुग्णालयांवर असावी, आणि तिचा कागद रुग्णाच्या जवळच्या आरोग्य केंद्रातही पोहोचावा.