खांदेरीचा दिवा आणि ‘अंधाऱ्या किनाऱ्या’ची दंतकथा

खांदेरीच्या दीपगृहाचे छायाचित्र दिसले की त्याखाली एक वाक्य हमखास येते: इंग्रजांनी कोकणच्या अंधाऱ्या किनाऱ्यावर उजेड आणला. वाक्य गोड आहे. पण हा अंधार नेमका कुणाचा होता?

दीपगृह १८६७ चे. बेट मात्र त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षे मुंबई बंदराच्या उरावर बसलेले होते.

१६७९ मध्ये पावसाळा सरता सरता शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी माणसे आणि तोफा घेऊन खांदेरीवर उतरले व तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईतील कंपनीचे अधिकारी हादरले. दक्षिणेकडून बंदरात शिरणारे जहाज या खडकाच्या नजरेतून सुटत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी बेटाला वेढा घातला. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजी ताफ्यावर हल्ला चढवून ‘डव्ह’ हे गुराब काबीज केले.

लढाईच्या या कथा सर्वांना आवडतात. खरी मेख मात्र रात्रीत आहे. इंग्रजी जहाजे पहाऱ्यावर असताना मराठ्यांच्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या काळोखात त्यांच्यामधून निसटून खांदेरीवर रसद पोचवीत. दिवा नाही, नकाशा नाही. याच पाण्यात वाढलेल्या दर्यावर्दींना खडक, भरती-ओहोटी आणि वारा पाठ होता. अंधारात चाचपडत होते ते कंपनीचे कप्तान! १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली. १७१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यातील याच बेटावर गव्हर्नर बूनने पाठविलेली मोहीमही फसली.

मग १८६७ मध्ये दिवा कशासाठी? किनारा कधीही न पाहिलेल्या कप्तानांच्या, खोल बुडाच्या, कापसाच्या व्यापारावर धावणाऱ्या जहाजांसाठी. त्यांना त्याची निकड होती आणि त्याने माणसे वाचविली, हे नाकारण्याचे कारण नाही. १८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकापुढील खडकांवर प्रॉन्ग्स दीपगृह उभे राहिले, तेही याच गरजेतून. पण व्यापाराच्या सोयीला ‘किनाऱ्याचा उद्धार’ म्हणणे हा इतिहास नव्हे, जाहिरात आहे. शिवाय दिव्यासाठी निवडलेली जागा पाहा: जिथून बंदराची वाट दिसते आणि जी वाटेवरूनही दिसते. महाराजांनी हेरलेलीच ती जागा.

(किल्ल्याच्या छायाचित्रातून दीपगृह कापून टाकणारे उत्साही वीरही आहेतच. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून ही कात्री जरा अधिकच चालते. मनोरा कापला की जागेचे महत्त्व दाखविणारा पुरावाच हातचा जातो, एवढे तरी त्यांनी ध्यानात घ्यावे.)

आणि या दोन्ही पक्षांच्या कथनातून कोळी सरळ गळतात. खांदेरीवर वेताळाचे स्थान आहे. कोळी बांधव एका प्रचंड शिळेला देव मानून पूजतात. दीपगृहावर आज कान्होजींचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण रात्रीच्या त्या होड्या वल्हविणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात?