आधी पाणक्या, मग पाटी

आई किंवा वडील गेल्यानंतर, पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला, परदेशातल्या आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत तो विषय निघतोच: त्यांच्या नावानं गावाकडं काहीतरी करूया. पूर्वी शाळेला पंखे, देवळाला फरशी, वाचनालयाला कपाट अशी यादी असे. आता तिच्यात बाग आली आहे. पन्नास झाडं, दोन बाकडी आणि फाटकावर संगमरवरी पाटी. कल्पना चांगली आहे, तिच्यामागचा हिशेब मात्र चुकतो. आपण लावण्याचे पैसे देतो आणि जगवण्याचे देत नाही.

हे मी कोल्हापूरच्या संदर्भात लिहितो आहे, कारण तिथली जमीन या कामाला तयार आहे, आणि हे मी मातीबद्दल म्हणत नाही. महापालिकेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात. त्यासाठी लागणाऱ्या शेणी लोक, तालमी, तरुण मंडळं स्वतःहून आणून देतात. जिल्ह्यातल्या अनेक गावांत रक्षा पंचगंगेत किंवा दुसऱ्या नदीत न सोडता शेतात खड्डा काढून त्यात घालायची आणि वर झाड लावायचं, ही रीत रुजते आहे. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा पंचगंगेच्या पाण्याची अवस्था साऱ्या राज्याला कळली. त्या नदीकाठचा शेतकरी तिसऱ्या दिवशी रक्षेचं गाठोडं घेऊन बांधावर जातो, हे मला कुठल्याही ठरावापेक्षा मोठं वाटतं.

इथं एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकतो. राख क्षारयुक्त असते. भावनेच्या भरात सगळी रक्षा एकाच खड्ड्यात रोपाच्या मुळाशी ओतली तर ते रोप करपू शकतं. मूठ-दोन मुठी, भरपूर माती आणि कुजलेलं शेणखत यांत कालवून घालावी. उरलेली वावरभर पसरावी.

आता हिशेब. पन्नास रोपांना उन्हाळ्यात दर खेपेला प्रत्येकी 15 लिटर पाणी धरा, म्हणजे 750 लिटर. आठवड्यातून दोन खेपा, फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत पंधरा आठवडे, म्हणजे 22,500 लिटर. रोप स्वतःच्या मुळावर उभं राहायला साधारण तीन उन्हाळे लागतात. तिन्हींचं मिळून 67,500 लिटर. दहा हजारी टँकरच्या सात खेपासुद्धा पुऱ्या लागत नाहीत! पाणी महाग नाहीच. महाग आहे तो नव्वद वेळा, रणरणत्या दिवसांत, न चुकता नळी ओढत जाणारा माणूस. आपल्या स्मृतिबागा त्या माणसावाचून वाळतात.

स्वयंसेवक आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेतच, आणि कोल्हापुरात तर पेठेपेठेत आहेत. महापुरात होड्या घेऊन धावणारी, गणपतीत आठ-आठ दिवस न झोपणारी पोरं आहेत ती. पण रोपाला गरज पडते ती नेमकी मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, लग्नसराई असते, चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, साखर कारखान्याच्या हंगामाची आवराआवर असते. जून महिन्यात खड्ड्याभोवती उभं राहून फोटो काढायला शंभर माणसं येतात. एप्रिलमध्ये तीही येत नाहीत आणि कुणी त्यांना बोलवतही नाही. म्हणून आळी करणं, तण काढणं, आच्छादन घालणं ही रविवारची कामं स्वयंसेवकांनी करावीत आणि पाण्यासाठी मात्र पगारी माणूस असावा. तोही त्याच गल्लीतला. गल्लीतल्या तरुण मंडळातल्याच एखाद्या निवृत्त काकांना किंवा बचत गटातल्या बाईंना मानधन दिलं तर उत्तम. त्यांना जाता-येता हटकणारे लोक असतात.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या आपल्या सभासदांनी मॅनहॅटनमधली लिझ क्रिस्टी बाग पाहिली असेल. 1973 मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या ‘ग्रीन गुरिल्ला’ मित्रमंडळींनी बॉवरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्यानं भरलेला भूखंड साफ केला. पुढच्या वर्षी शहरानं तो महिना एक डॉलर भाड्यानं दिला. ती 1985 मध्ये गेली आणि त्यानंतर बागेला तिचं नाव मिळालं. आधी बाग, मग नाव. जिचं नाव लागलं तिनंच तिथला कचरा उपसला होता. सेंट्रल पार्कमधली जॉन लेननच्या स्मृतीची ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ याच्या अगदी उलट, पैशातून उभी राहिलेली. पण योको ओनो यांनी दिलेल्या दहा लाख डॉलरांत पुढच्या देखभालीचाही विचार होता. श्रीमंतांकडून शिकण्यासारखं क्वचित काही असतं, त्यातलं हे एक.

आपल्याकडचं उदाहरण राजस्थानातल्या पिपलांत्रीचं. तेव्हाचे सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांची मुलगी किरण वारली. त्या दुःखातून गावात प्रथा सुरू झाली: मुलगी जन्मली की 111 झाडं लावायची आणि तिच्या आईवडिलांनी ती सांभाळायची. वाळवी लागू नये म्हणून झाडांभोवती कोरफड लावली, आणि त्या कोरफडीतून गावातल्या बायांना रोजगार मिळाला. एका बापाच्या मुलीची आठवण गावातल्या प्रत्येक मुलीच्या नावाला वाटली गेली, म्हणून ती झाडं कुणा एकाची राहिली नाहीत. कोल्हापुरातल्या एखाद्या वसाहतीच्या खुल्या जागेत तुमच्या वडिलांच्या नावाची बाग झाली आणि समोरच्या घरातल्या आजींना तिथं आपल्या नवऱ्याच्या आठवणीचा बहावा लावता आला नाही, तर त्या बागेकडं त्या का बघतील?

याला एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. नाव नसेल तर पैसे येणार नाहीत. परदेशात बसलेल्या मुलाला आपल्या आईचं नाव कुठंतरी कोरलेलं पाहायचं असतं, त्याला नुसती हौस म्हणून हिणवू नये. खुद्द शाहू महाराजांची आपली समाधी नर्सरी बागेत असावी अशी इच्छा होती. ते 1922 मध्ये गेले आणि समाधिस्थळ खुलं व्हायला 2020 चा जानेवारी उजाडला. त्यांच्या नावाविषयी कोल्हापूरकरांच्या मनात किंतू असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी एवढा काळ गेला. नावाची ओढ मोठी असते, हे मान्य. माझं म्हणणं क्रमापुरतं आहे. पाटी तिसरा उन्हाळा सरल्यावर लावावी, आणि तिच्यावर पाणी घालणाऱ्याचंही नाव असावं.

जागा निवडताना पूररेषा बघायला विसरू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही पावसाळ्यांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठची मोकळी जागा स्वस्तात किंवा फुकट मिळते ती याचमुळे. तिथं लावायचंच असेल तर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन अशी पाण्यात पाय ठेवून उभी राहणारी झाडं लावा. शोभेचं नाजूक काही नको, आणि बाकडी तर मुळीच नकोत.

पैशाबाबतही एक अडचण आहे. आपल्यापैकी ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, त्यांची देणगी भारतीय कायद्यानं परकीय योगदान ठरते, मग हाती ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडं एफसीआरए नोंदणी लागते, आणि गल्लीतल्या तरुण मंडळाकडं ती असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या रकमेला हा नियम लागत नाही. तेव्हा ज्याच्या त्याच्या मनात आलं आणि पैसे धाडले, असं करून भागणार नाही.

म्हणून आपल्या मंडळापुढं माझा प्रस्ताव आहे. पाच-सहा कुटुंबांनी पाच-सहा वेगळ्या बागा काढण्याऐवजी एकच बाग घ्यावी, महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी असलेल्या जागेवर. जमलेल्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग तीन वर्षांच्या मानधनासाठी बाजूला काढावा, आणि मानधन दर महिन्याला जावं, एकरकमी नाही. बागेत कुणाच्या आठवणीचं झाड लावायचं ते त्या वसाहतीतल्या लोकांनीही ठरवावं. कार्यकारिणीनं हा विषय गुढीपाडव्याच्या आधीच्या बैठकीत घ्यावा. खड्डे एप्रिलमध्ये काढून महिनाभर उन्हात तापू द्यावे लागतात, आणि मृग लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.