विश्लेषण : कोड लिहिणाऱ्यांना ‘नावे-जमा’ का यायला हवे?

बिलिंग, उधारी, पगार, पतसंस्थेचे हप्ते अशा बहुतेक सॉफ्टवेअरच्या मुळाशी हिशेब असतो. मात्र ते लिहिणाऱ्या अनेक तरुणांनी रोजकीर्द किंवा खतावणी कधी हाताळलेलीच नसते. कामठीसारख्या व्यापारी गावातून मिहानमधील टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलकडे पाहणाऱ्या मुलांसाठी ही उणीव छोटी नाही.

चूक नेमकी कुठे होते?

कापड व्यापाऱ्याने १०,००० रुपयांचा माल उधार दिला आणि नंतर ४,००० रुपये वसूल केले, असे समजू. (जीएसटी तूर्त बाजूला ठेवू.) नवखा डेव्हलपर ‘बाकी’ नावाचा एक आकडा ठेवतो : आधी १०,०००, मग ६,०००. उत्तर बरोबर, पण इतिहास पुसला गेला. उद्या ग्राहक म्हणाला, ‘मी ५,००० दिले होते,’ तर दाखवणार काय?

दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिला जातो. विक्रीच्या वेळी ग्राहकाच्या नावे १०,००० आणि विक्री खात्यात जमा १०,०००. वसुलीच्या वेळी रोख खात्यात नावे ४,००० आणि ग्राहकाच्या खात्यात जमा ४,०००. बाकी साठवायची नसते, ती नोंदींवरून काढायची असते. नावे आणि जमेची बेरीज जुळली नाही, तर तेरीज लगेच बोट दाखवते. कोड तपासण्याची इतकी सोपी चाचणी दुसरी नाही. अर्थात, रक्कम बरोबर पण खाते चुकीचे असेल तर तेरीजही जुळते. म्हणून खाते कोणते, हेही कळावे लागते.

‘क्रेडिट’ म्हणजे अधिक नव्हे का?

हा गैरसमज बँकेच्या एसएमएसमुळे पसरतो. खात्यात पैसे आले की ‘क्रेडिट’ असा निरोप येतो, कारण ती नोंद बँकेच्या वहीतली असते. तुमची ठेव हे बँकेचे देणे आहे आणि देणे वाढले की जमा होते. तुमच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे पडते. कोणाची वही लिहितो आहोत हे न विचारता केलेला कोड उलट्या नोंदी टाकत राहतो.

पैशांचा घोळ निराळाच. बहुतेक संगणक भाषांत दशांशाच्या नेहमीच्या प्रकाराने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. म्हणून रक्कम पूर्णांकात, म्हणजे पैशांत ठेवावी. १०० रुपये तिघांत वाटले तर ३३.३३ प्रमाणे ९९.९९ होतात, उरलेला एक पैसा कोणाच्या खात्यात टाकायचा, हा नियम आधीच ठरवावा लागतो.

कायदा काय सांगतो?

कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम स्पष्ट आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. चुकीची नोंद गुपचूप पुसायची नाही, हा मुनीमजींचा जुना शिरस्ता आता नियमात आला आहे.

चुकीची किंमत कोण मोजतो?

ब्रिटनमध्ये १९९९ पासून टपाल खात्याने ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली आणली. तिने दाखवलेल्या तुटीमुळे ९०० हून अधिक टपालचालक दोषी ठरले. काहींना तुरुंगवास झाला. प्रणालीत दोष होते, हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. केवळ लेखाशास्त्राच्या अज्ञानामुळे हे घडले असे नाही. प्रशासनाचा हट्टही होता. पण पडद्यावरच्या आकड्यामागची नोंद तपासता आली नाही, की भरडला जातो तो काउंटरवरचा माणूस.

मग करायचे काय?

‘त्यासाठी सीए आहेत’ हा युक्तिवाद मोठ्या कंपनीत चालेल. दोन-तीन जणांच्या टीमने दुकानदाराला ॲप करून दिले, तर तेथे सीए वर्ष संपल्यावरच येतो. तोवर चुका वर्षभर साचलेल्या असतात.

नागपूर विद्यापीठात वाणिज्य आणि संगणक एकत्र शिकवणारा बीसीसीए अभ्यासक्रम आहे. प्रश्न विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या विद्याशाखेतील विषय निवडण्याची सोय आहे. कामठीच्या सेठ केसरीमल पोरवाल महाविद्यालयात तर वाणिज्य आणि विज्ञान एकाच छताखाली आहेत. दोन्ही विभागांनी मिळून छोटा वर्ग घ्यावा : एका दुकानाचे महिनाभराचे व्यवहार, नावे वगळून, आधी हाताने वहीत लिहायचे, रोजकीर्द, खतावणी, तेरीज जुळवायची आणि मगच कोड लिहायचा. ठरावीक ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ प्रकल्पापेक्षा मुलाखतीत हे अधिक उपयोगी पडेल. आणि दुकानदाराची उधारीही सुरक्षित राहील.