डेकला व्हार्निश लावू नका!

युद्धनौकांच्या प्रतिकृती करणारी मंडळी मोठी शिस्तीची. तोफांच्या नळ्या मोजतील, केसाएवढ्या शिड्या चिमट्याने चिकटवतील. आणि एवढे सगळे करून डेकवर मात्र नव्या कपाटासारखा चकचकीत, पिवळा-तांबूस रंग फासतील! माझे भांडण या रंगाशी आहे.

यावरचा पहिला टोला ठरलेला : “वऱ्हाडात समुद्र कुठी हाय बाप्पा? तुमाले काय समजते जहाजातलं?” समुद्र नाही, कबूल. पण साग तर आहे! मेळघाट उशाशी असलेल्या माणसाने सागाच्या रंगाबद्दल तरी गप्प का बसावे?

१८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवली आहे. पुढे जहाजे पोलादी झाली, तरी मोठ्या नौकांच्या डेकवर सागाच्या फळ्या राहिल्याच. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली, ती ‘मिसुरी’च्या सागवानी डेकवर. पण या फळ्यांना व्हार्निश कोण लावणार? खलाशी त्या दगडाने आणि खाऱ्या पाण्याने घासून काढत. ताजा कापलेला साग मधाच्या रंगाचा; उघड्यावर राहिला की राखेकडे झुकतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथल्या अंगणात चार उन्हाळे-पावसाळे काढलेली सागाची फळी पाहा; पुस्तक उघडायला नको!

बरे, प्रत्येक डेक लाकडीच, हाही भ्रम. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी विमानातून नजरेत भरू नयेत म्हणून सागवानी डेकसुद्धा गडद निळे केले. जपानी क्रूझरांवर तपकिरी-तांबूस लिनोलियम पितळी पट्ट्यांनी बसवलेले असे. तेव्हा आधी विचारावे, जहाज कोणते, साल कोणते. मग ब्रश उचलावा.

कोणी म्हणेल, “आम्ही खऱ्या रंगाचाच डबा आणला आहे.” तोही जसाच्या तसा चालत नाही. साडेतीनशेपट लहान केलेले जहाज दोन फुटांवरून पाहणे म्हणजे खरे जहाज सातशे फुटांवरून पाहणे. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना गाविलगडचे डोंगर निळसर, फिके दिसतात. घाट चढू लागलो की तेच हिरवेगार. अंतर रंग खाते! म्हणून रंगात थोडा राखाडी, थोडा पांढरा मिसळावा, आणि चमक मुळीच ठेवू नये.

शेवटचा युक्तिवाद घरातला : “दिवाणखान्यात शोभले पाहिजे.” मग आजोबांच्या तसबिरीतल्या पांढऱ्या मिशाही काळ्या करा, त्याही शोभतील!

९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवच्या स्मारकात त्या जहाजाची प्रतिकृती काचेआड ठेवली आहे. ती पाहणाऱ्यांना जहाज पाहायला मिळणार ते तेवढेच. डेक म्हणजे माणसे जिथे उभी राहिली ती जागा. तिला फर्निचरची चकाकी देणे मला तरी सभ्यपणाचे वाटत नाही.

या दिवाळीत दारांच्या चौकटींना खुशाल व्हार्निश लावा. डब्यात उरलेले मात्र पोरांच्या जहाजापासून दूर ठेवा!